सेट एकच, व्हीएम दोन, तरी सेवा दोनदा बंद का पडेल?

तुमच्या प्रश्नावरून मला कळलेली परिस्थिती अशी: अझ्युअरवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर, दोन व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे मोठ्या सर्व्हरवर चालणारे आभासी संगणक) आहेत. एकावर तुमचं अ‍ॅप चालतं, दुसऱ्यावर पोस्टग्रेस हा डेटाबेस. कुणीतरी सांगितलं म्हणून दोन्ही एकाच अ‍ॅव्हेलेबिलिटी सेटमध्ये ठेवली. आता नियोजित मेंटेनन्सचा मेल आलाय, त्यात रीस्टार्ट होणार असं लिहिलंय, आणि तुम्ही विचारताय की सेट असल्यामुळे सेवा चालू राहील ना, आणि राहणार नसेल तर हा रीस्टार्ट टाळता येईल का.

सरळ सांगते. चालू राहणार नाही. उलट आत्ताच्या मांडणीत सेवा एकदा नव्हे, दोनदा बंद पडेल.

अ‍ॅव्हेलेबिलिटी सेट नेमकं काय करतो ते पाहिलं की कारण लगेच कळतं. सेटमधली व्हीएम वेगवेगळ्या अपडेट डोमेनमध्ये, म्हणजे एकत्र रीस्टार्ट होणाऱ्या गटांमध्ये, वाटली जातात. तुम्ही काही बदललं नसेल तर अशी ५ डोमेन असतात, आणि सेट तयार करतानाच मागितली तर २० पर्यंत मिळतात. रीस्टार्ट लागणारं मेंटेनन्स एका वेळी एकाच डोमेनवर चालतं, आणि एक डोमेन झाल्यावर पुढचं हाती घेण्याआधी सावरायला ३० मिनिटं दिली जातात. या सगळ्याच्या मुळाशी एक गृहीतक आहे: सेटमधली सगळी मशीनं एकच काम करतात, त्यामुळे एक गेलं तरी दुसरं भार घेईल. तुमच्याकडे अ‍ॅप एका डोमेनमध्ये आहे आणि डेटाबेस दुसऱ्या. आधी अ‍ॅपचं व्हीएम जाईल, साइट बंद. ते वर येईल, साइट चालू. मग डेटाबेसची पाळी येईल, साइट पुन्हा बंद. दोन्ही एकदम बंद पडू देणार नाही एवढंच वचन सेटने दिलं होतं आणि ते त्याने तंतोतंत पाळलं. पण तुमच्या सेवेला दोन्ही मशीनं एकदम लागतात, त्यामुळे या वचनाचा तुम्हाला उपयोग शून्य.

म्हणून "व्हीएम बंद पडू नये म्हणून काय करू" हा प्रश्न आधी बाजूला ठेवा. व्हीएम कधी ना कधी बंद पडणारच आहे. त्याखालचं हार्डवेअर जुनं होतं, होस्टच्या, म्हणजे ज्या खऱ्या सर्व्हरवर व्हीएम चालतं त्याच्या, सॉफ्टवेअरमध्ये सुरक्षेची भोकं सापडतात, ती बुजवावी लागतात. प्रश्न असा घ्या: यातलं कुठलंही एक मशीन अर्धा तास नसेल, तर वापरणाऱ्याला ते जाणवायला हवं की नको? याचं उत्तर तुमच्या धंद्यावर आहे, माझ्याकडे नाही. आणि त्यावरून दोन अगदी वेगळे रस्ते निघतात.

त्याआधी मेलबद्दल थोडं, कारण सगळं मेंटेनन्स एका प्रकारचं नसतं. बहुतेक कामं तुम्हाला कळतही नाहीत. काहींमध्ये व्हीएम मेमरीसकट काही क्षण थांबवलं जातं, सहसा १० सेकंदांच्या आत आणि फार तर ३० सेकंद. काही वेळा चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवलं जातं, त्यात सहसा ५ सेकंदांपेक्षा जास्त विराम नसतो. खरोखर रीस्टार्ट लागणारं काम विरळा, आणि वेळ हाताशी असेल तर त्याचीच अशी आगाऊ सूचना येते. मेलमध्ये दोन कालखंड दिलेले असतील. पहिल्यात तुम्ही स्वतः, आपल्या सोयीच्या वेळी, हे काम करून घेऊ शकता. हा काळ साधारण चार आठवड्यांचा असतो. तो संपला की दुसरा सुरू होतो आणि मग वेळ अझ्युअर ठरवतं. बरेच लोक मेल वाचतात, काळजी करतात, आणि पहिला कालखंड तसाच जाऊ देतात. तुम्ही तसं करू नका.

आता पहिला रस्ता. तुमची सेवा ऑफिसच्या वेळेत वापरली जात असेल आणि रात्री दोन वाजता वीस मिनिटं बंद राहिली तर कुणाचं अडत नसेल, तर नवी मशीनं उभी करू नका. आधी कळवून, आपण निवडलेल्या वेळी सेवा बंद करणं हा पूर्णपणे रास्त निर्णय आहे. छोट्या टीमला मी बऱ्याचदा हाच सल्ला देते, कारण अर्धवट उभारलेली जोडी एकट्या मशीनपेक्षा जास्त वेळा पडलेली मी पाहिली आहे.

या रस्त्याने जाणार असाल तर दोन्ही व्हीएमचं मेंटेनन्स एकाच वेळी सुरू करा. तुमच्या बाबतीत हाच मोठा फायदा आहे: दोनदा बंद पडण्याऐवजी एकदाच. आधी अ‍ॅप थांबवा, मग पोस्टग्रेस नीट बंद करा, आणि मग पोर्टलमधून दोन्हींवर मेंटेनन्स सुरू करा. नेहमीचं 'रीस्टार्ट' बटण इथे कामाचं नाही. त्याने व्हीएम त्याच जुन्या होस्टवर पुन्हा सुरू होतं आणि ठरलेलं काम तसंच बाकी राहतं. मेंटेनन्सचा वेगळा पर्याय दिसतो, तोच वापरायचा. तो व्हीएमला आधीच अपडेट झालेल्या होस्टवर नेतो.

होस्ट बदलला की तात्पुरत्या डिस्कवरचं सगळं जातं. विंडोजवर ती सहसा 'डी' ड्राइव्ह असते, लिनक्सवर सहसा 'एमएनटी' फोल्डरखाली जोडलेली. तिथे कुणी बॅकअप, अपलोड किंवा पोस्टग्रेसची टेबलस्पेस ठेवली नाही ना, हे आज बघा, त्या रात्री नको. पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून दिसणारा पत्ता, डायनॅमिक असेल तर तोही बदलू शकतो. स्टॅटिक करून ठेवा.

इथे एक अनुभव सांगते, कारण या सगळ्यात माझा सर्वात जास्त वेळ त्यात गेला आहे. एक डेटाबेस व्हीएम सव्वा वर्ष सलग चालू होतं. मेंटेनन्सचा रीस्टार्ट काही मिनिटांत संपला, पण एसएसएच, म्हणजे दुरून लॉगिन, काही मिळेना. सिरियल कन्सोल (नेटवर्कशिवाय मशीनपर्यंत पोचण्याची सोय) उघडला तर मशीन इमर्जन्सी मोडमध्ये बसलेलं, एका डिस्कची वाट बघत. मधल्या काळात कुणीतरी जादा डेटा डिस्क लावली होती, ती एफएसटॅबमध्ये, म्हणजे बूटच्या वेळी कुठल्या डिस्क जोडायच्या त्या यादीत, 'एसडीसी' या नावाने लिहिली होती, आणि नंतर दुसरी एक डिस्क काढून टाकली होती. मशीन बंद न करता हे सगळं केल्यामुळे चुकीचं काही दिसलंच नव्हतं. रीस्टार्टनंतर डिस्कांची नावं सरकली, 'एसडीसी' सापडली नाही आणि बूट तिथेच अडकलं. पोस्टग्रेसची सेवाही हाताने सुरू केलेली होती, बूटच्या वेळी आपोआप सुरू होण्यासाठी 'इनेबल' केलेली नव्हती. मेंटेनन्सची काही मिनिटं आणि आमचा दीड तास. तेव्हापासून मी एफएसटॅबमध्ये डिस्क यूयूआयडीनेच (तिच्या न बदलणाऱ्या ओळखक्रमांकाने) लिहिते, डेटा डिस्कला 'नोफेल' (डिस्क नसली तरी बूट अडवू नको) लावते, आणि ज्या डिस्कवर डेटाबेस आहे ती जोडली गेली नसेल तर पोस्टग्रेस सुरूच होऊ नये अशी अट तिच्या युनिट फाइलमध्ये (सेवा कशी सुरू करायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) घालते. नाहीतर 'नोफेल'मुळे मशीन वर येईल आणि डेटाबेस रिकाम्या फोल्डरकडे बघत बसेल.

तुमच्या दोन मशीनांत अजून एक गोष्ट हमखास घडेल. दोन्ही एकदम वर येताना अ‍ॅप आधी येईल आणि डेटाबेस अजून यायचा असेल. अ‍ॅपला जोडणी मिळाली नाही की प्रक्रिया मरते, सिस्टिमडी (लिनक्सवर सेवा सुरू करणारा आणि सांभाळणारा प्रोग्राम) ती पुन्हा सुरू करतो, ती पुन्हा मरते. सिस्टिमडीची मूळ मर्यादा १० सेकंदांत ५ वेळा सुरू करण्याची आहे, आणि दोन प्रयत्नांमधलं अंतर मुळात १०० मिलिसेकंद. म्हणजे डेटाबेस येण्याच्या कितीतरी आधी पाचही प्रयत्न संपतात आणि अ‍ॅप 'फेल्ड' होऊन कायमचं पडून राहतं. मग दोन्ही मशीनं हिरवी दिसतात आणि साइट बंदच असते. प्रयत्नांमधलं अंतर १० सेकंदांवर न्या, म्हणजे ही मर्यादा आडवी येणार नाही. अ‍ॅपच्या कोडमध्येच पुन्हा जोडणीचे प्रयत्न असतील तर त्याहून चांगलं.

आता दुसरा रस्ता, म्हणजे सेवा खरंच बंद पडून चालत नसेल तर. मग प्रत्येक कामाला किमान दोन मशीनं, आणि प्रत्येक कामाचा वेगळा सेट. अ‍ॅपची दोन एका सेटमध्ये, डेटाबेसची दोन दुसऱ्या सेटमध्ये. व्हीएम सेटमध्ये तयार करतानाच घालावं लागतं. तुमची आत्ताची मशीनं हलवायची तर डिस्क राखून व्हीएम काढून पुन्हा उभं करावं लागेल, म्हणजे त्यालाही बंदची वेळ लागेल. ती वेळ या मेंटेनन्सच्या रात्रीलाच जोडून घेता आली तर उत्तम.

अ‍ॅपची दोन मशीनं करणं सोपं वाटतं. लोड बॅलन्सर (येणारी कामं मशीनांत वाटणारा) पुढे ठेवला की झालं, असं. पण अडतं ते एकट्या मशीनच्या सवयींपाशी. लॉगिनचं सेशन मशीनच्या मेमरीत असतं, मग दुसऱ्या मशीनवर गेलेला माणूस बाहेर फेकला जातो. अपलोड केलेल्या फाइली एकाच डिस्कवर असतात, मग निम्म्या वेळा चित्र दिसतं, निम्म्या वेळा नाही. आणि क्रॉन, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कामं! रात्रीची बिलं पाठवणारा क्रॉन दोन्ही मशीनांवर आला की ग्राहकाला दोन बिलं जातात. सेशन मशीनबाहेर काढा, फाइली ऑब्जेक्ट स्टोरेजवर (मशीनबाहेरच्या सामायिक साठ्यावर) न्या, क्रॉनला डेटाबेसमधलं कुलूप लावा, आणि मगच दुसरं मशीन जोडा.

क्षमतेचा हिशेबही इथेच करायचा. दोन मशीनं प्रत्येकी ६५ टक्के भरलेली असतील, तर एक गेल्यावर उरलेल्याला १३० टक्के पेलायचंय. ते पेलणार नाही. मग तेही पडतं, आणि कागदावरची जोडी प्रत्यक्षात एकाच मशीनइतकी ठरते. दोनच असतील तर गर्दीच्या वेळीसुद्धा प्रत्येकी चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका, किंवा तीन ठेवा.

मेंटेनन्सआधी मशीनला स्वतःला कळण्याची सोय आहे आणि ती फार कमी लोक वापरतात. व्हीएमच्या आतून १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावर मेटाडेटा सेवा असते, तिथे 'शेड्यूल्ड इव्हेंट्स' विचारता येतात. रीबूट किंवा फ्रीझ (वर सांगितलेला काही क्षणांचा विराम) असेल तर किमान १५ मिनिटं आधी कळतं, दुसऱ्या होस्टवर हलवायचं असेल तर १०. आमची एक छोटी स्क्रिप्ट दर काही सेकंदांनी हे विचारते. रीबूट दिसला की ती हेल्थ चेकच्या पानाला, जे पाहून लोड बॅलन्सर मशीन ठीक आहे का ते ठरवतो, ५०३ ('सेवा उपलब्ध नाही') द्यायला लावते. लोड बॅलन्सर एक-दोन फेऱ्यांत नवी कामं पाठवणं थांबवतो, हातातली कामं संपतात, आणि मग स्क्रिप्ट 'आम्ही तयार आहोत' असं उलट कळवते, की मेंटेनन्स लगेच सुरू होतं. कळवलं नाही तरी दिलेली वेळ संपल्यावर ते होतंच. त्याला नकार देण्याची सोय नाही.

या स्क्रिप्टमध्ये एक खड्डा आहे आणि मी त्यात पडले आहे. ही सूचना सेटमधल्या सगळ्या व्हीएमना जाते, फक्त ज्याचा रीबूट आहे त्याला नाही. कुणाचा रीबूट आहे ते त्या सूचनेतल्या 'रिसोर्सेस' या यादीत लिहिलेलं असतं. आमच्या पहिल्या स्क्रिप्टने ती यादी पाहिलीच नाही. रीबूट दिसताच दोन्ही मशीनांनी एकदम ५०३ द्यायला सुरुवात केली आणि लोड बॅलन्सरमागे एकही मशीन उरलं नाही. मेंटेनन्स अजून सुरूही झालं नव्हतं. त्या यादीत आपलं नाव असेल तरच बाजूला व्हायचं, ही एक ओळ विसरू नका.

डेटाबेसचं काम वेगळं आणि जास्त नाजूक आहे, कारण तिथे नुसतं दुसरं मशीन पुरत नाही, त्यावरचा डेटा ताजा असावा लागतो. स्ट्रीमिंग रेप्लिकेशनने (प्रत्येक बदल लगोलग दुसऱ्या मशीनकडे पाठवून) एक स्टँडबाय, म्हणजे राखीव डेटाबेस, उभा करा. नियोजित मेंटेनन्सचा मोठा फायदा असा की तुम्हाला फेलओव्हर करावाच लागत नाही. मुख्य मशीन अचानक गेल्यावर घाईने स्टँडबाय पुढे करणं म्हणजे फेलओव्हर, आणि रेप्लिकेशन असिंक्रोनस (स्टँडबायच्या पोचपावतीची वाट न बघणारं) असेल तर त्यात शेवटच्या काही नोंदी जाऊ शकतात. इथे वेळ माहीत आहे, त्यामुळे स्विचओव्हर करा. आधी हाताने एक चेकपॉइंट घ्या (मेमरीतले बदल डिस्कवर लिहायला लावा), म्हणजे बंद होताना रेंगाळणार नाही. अ‍ॅपचं लिहिणं थांबवा, मुख्य पोस्टग्रेस नीट बंद करा, स्टँडबायपर्यंत शेवटची नोंद पोचल्याची खात्री करा, मग त्याला मुख्य करा. सराव असेल तर हे एक-दोन मिनिटांत होतं. पॅट्रोनीसारखं, मुख्य आणि स्टँडबायची अदलाबदल सांभाळणारं साधन वापरलंत तर एका आज्ञेत होतं, पण मग त्याच्यासाठी एटसीडीसारखं (सध्या मुख्य कोण याची नोंद ठेवणारं) काहीतरी चालवावं लागतं आणि त्याची तीन मशीनं लागतात. दोन व्हीएमवाल्या टीमने लगेच तिकडे धावावं असं मला वाटत नाही. व्यवस्थापित पोस्टग्रेस सेवा घेऊन तिचा जोडीचा पर्याय चालू करणं तुमच्या आकाराला जास्त शहाणपणाचं ठरेल.

अ‍ॅपला नवा मुख्य डेटाबेस कुठे आहे हे कळण्याचीही सोय हवी. पोस्टग्रेसच्या १० व्या आवृत्तीपासून क्लायंटला दोन्ही होस्ट देऊन 'ज्यावर लिहिता येतं त्याच्याशीच जोड' असं सांगता येतं. डीएनएस बदलण्यावर विसंबू नका. कनेक्शन पूल (डेटाबेसच्या जोडण्या उघड्या ठेवून पुन्हा वापरणारा भाग) जुन्या जोडण्या धरून बसतो.

दोन डोमेनच्या मधली ती ३० मिनिटं मात्र लक्षात ठेवा. पहिलं मशीन परत आल्यावर त्याला मधल्या काळातला डेटा भरून काढायचा असतो. तो भरायला पाऊण तास लागत असेल तर दुसरं मशीन खाली जाताना पहिलं अजून शिळं असेल. म्हणून मोठ्या डेटाबेससाठी मी दुसऱ्या कालखंडाची वाट पाहतच नाही. पहिल्या कालखंडात स्वतः एक मशीन करते, रेप्लिकेशन पूर्ण जुळलेलं पाहते, आणि दुसऱ्या दिवशी दुसरं.

फ्रीझबद्दल एकच सांगायचंय. मशीन दहा सेकंद थांबलं तर साध्या वेबसाइटला काही होत नाही, पण क्लस्टरला, म्हणजे एकमेकांवर नजर ठेवून चालणाऱ्या मशीनांच्या गटाला, होतं. नेत्याकडून काही ऐकू आलं नाही की एटसीडीची मशीनं नवा नेता निवडतात, आणि त्याचा मूळ टाइमआउट १००० मिलिसेकंद आहे, म्हणजे अशा विरामात नेता बदलणार हे धरूनच चाला. विराम संपल्यावर घड्याळ मागे पडलेलं असू शकतं. क्रोनी (घड्याळ जुळवणारा प्रोग्राम) बऱ्याच लिनक्सवर फक्त पहिल्या ३ अपडेटपर्यंतच घड्याळ उडी मारून दुरुस्त करतो, नंतर हळूहळू सरकवतो. लॉगमधल्या वेळा जुळत नसतील तर आधी तिथे पाहा.

सेट की झोन, हा प्रश्न पुढे येईलच. सेट एकाच डेटा सेंटरमधली विभागणी आहे, झोन म्हणजे वेगळी इमारत, वेगळी वीज, वेगळं कूलिंग. सेटमधल्या जोडीला ९९.९५ टक्क्यांची हमी आहे, म्हणजे ३० दिवसांच्या महिन्यात २१.६ मिनिटं. झोनमध्ये पसरलेल्या जोडीला ९९.९९, म्हणजे ४.३२ मिनिटं. ही हमी दोनपैकी निदान एका व्हीएमशी संपर्क राहण्याची आहे, तुमचं अ‍ॅप चालण्याची नाही. आणि ती मोडली तर बिलात सूट मिळते, गेलेला ग्राहक परत मिळत नाही. नव्याने उभारणार असाल तर झोनच घ्या. एक व्हीएम सेटमध्ये आणि झोनमध्ये एकाच वेळी असू शकत नाही.

चार आठवड्यांच्या सूचनेवर मात्र कायमचा भरवसा ठेवू नका. २०१८ च्या जानेवारीत मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधले सुरक्षादोष ९ तारखेला जाहीर व्हायचे होते, ते ३ तारखेलाच बाहेर आले. अझ्युअरने ठरलेलं मेंटेनन्स तिथल्या तिथे अलीकडे ओढलं आणि लोकांनी निवडून ठेवलेल्या वेळा रद्द झाल्या. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये झेन या व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या एका दोषासाठी एडब्ल्यूएसनेही, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडनेही, आपल्या ईसी२ या व्हीएम सेवेच्या ताफ्यातली १० टक्क्यांपेक्षा कमी पण तरी बरीच मशीनं काही दिवसांत रीबूट केली होती. पुरवठादार बदलला तरी हे चुकत नाही, फक्त पद्धत बदलते. गूगलकडे बहुतेक मशीनं चालू स्थितीत हलवली जातात, जीपीयू (ग्राफिक्स प्रोसेसर) लावलेली मात्र थांबवावी लागतात. एडब्ल्यूएसवर हार्डवेअर निवृत्त होणार असल्याची सूचना आली तर मशीन थांबवून पुन्हा सुरू केलं की ते नव्या होस्टवर जातं, नुसत्या रीबूटने जात नाही.

तुमच्या तारखेसाठी मी असं करेन. या आठवड्यात दोन्ही व्हीएमची एफएसटॅब आणि 'इनेबल' असलेल्या सेवांची यादी तपासा, तात्पुरत्या डिस्कवर काही आहे का ते पाहा, आणि बॅकअप घेऊन तो दुसरीकडे उघडूनही बघा. मग एका शांत रात्री आधी साधा रीस्टार्ट करा, मेंटेनन्स नव्हे. होस्ट तोच राहतो, त्यामुळे काही अडलं तर ते तुमच्या मशीनच्या आतलंच आहे हे नक्की कळतं. ती रात्र सुरळीत गेली की दोन-तीन दिवसांनी दोन्हींवर एकदम मेंटेनन्स सुरू करा. डेटाबेस किती जीबीचा आहे आणि रात्री कुणी वापरतं का, हे कळवलंत तर स्टँडबायचा खर्च तुमच्यासाठी योग्य आहे की नाही ते नेमकं सांगता येईल.